आधी पावडर, मग भट्टी : घरगुती पावडर कोटिंगची पार्श्वभूमी

टॅपेट कव्हर, ब्रॅकेट, ब्रेक कॅलिपर असे गाडीचे सुटे भाग स्वतःच्या गॅरेजमध्येच पावडर कोट करण्याचा, म्हणजे त्यांवर कोरड्या रंगाची पावडर बसवून ती उष्णतेने वितळवून थर देण्याचा छंद अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरीस रुजला. जुन्या मोटारी पुन्हा उभ्या करणाऱ्यांना साहित्य पुरवणाऱ्या पेनसिल्व्हेनियातील ईस्टवुड कंपनीची ‘हॉटकोट’ ही पावडर फवारण्याची छोटी गन या छंदाशी विशेष जोडली गेली. आपल्याकडे ही प्रक्रिया लोकांना माहीत आहे ती ॲल्युमिनियमच्या खिडक्यांवरून आणि औद्योगिक वसाहतींमधल्या जॉबवर्कच्या शेडवरून. मुळात कारखान्याची असलेली ही प्रक्रिया घराच्या आवाक्यात कशी आली, याचे उत्तर माझ्या मते एका साध्या क्रमबदलात आहे : आधी उष्णता आणि मग पावडर, हा क्रम उलटा झाला.

पश्चिम जर्मनीतील क्नाप्साक-ग्रीसहाइम या कंपनीत काम करणाऱ्या एर्विन गेमर यांनी 1953 मध्ये ज्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तीत सच्छिद्र तळ असलेल्या टाकीत प्लास्टिकची पावडर भरून खालून हवा सोडली जात असे. हवेवर तरंगणारी ती पावडर द्रवासारखी वागू लागे. तापवलेली वस्तू तीत बुडवली की कण तिला चिकटत आणि तिच्याच उष्णतेने वितळत. पद्धत कल्पक होती, पण थर जाड बसे, टाकी भरायला पुष्कळ पावडर लागे आणि वस्तू तापलेली असतानाच सगळे उरकावे लागे. पाइप किंवा विजेच्या उपकरणांचे इन्सुलेशन यांसाठी हे ठीक होते. हौशी माणसाला मात्र ते परवडणारे नव्हते.

विद्युतभार देऊन रंग फवारण्याचे तंत्र इंडियानापोलिसच्या हॅरोल्ड रान्सबर्ग यांनी द्रवरूप रंगासाठी आधीच वापरात आणले होते. 1960 च्या दशकात फ्रान्समधील ग्रनोबल येथील सामेस कंपनीने तेच तत्त्व पावडरीच्या फवारणीसाठी वापरले. आता अर्थिंग केलेल्या थंड जॉबवर, म्हणजे कोटिंग करायच्या वस्तूवर, भारित कण आपोआप चिकटू लागले आणि भट्टीची पाळी नंतर आली. फवारणी बिघडली तर हवेच्या झोताने सगळे उडवून पुन्हा सुरुवात करता येते, ही नवशिक्याला मिळालेली फार मोठी सवलत आहे. त्याच दशकात युरोपात एपॉक्सी राळ आणि ती कडक करणारा हार्डनर एकत्र वितळवून, थंड करून, दळून बनवलेल्या पावडरी आल्या. त्यांच्यामुळे साधारण 60 ते 80 मायक्रॉनचा पातळ आणि तरीही चिवट थर देणे शक्य झाले.

अमेरिकेत या तंत्राला बळ दिले ते धुरक्याच्या प्रश्नाने. सॉल्व्हंटच्या, म्हणजे रंग पातळ ठेवणाऱ्या द्रवाच्या, वाफांवर बंधने घालणारा ‘नियम 66’ लॉस एंजेलिसमध्ये 1966 साली आला आणि 1970 मध्ये देशव्यापी स्वच्छ हवा कायदा झाला. पावडरीत सॉल्व्हंट जवळजवळ नसतोच.

कारखान्यातील गन साधारण 60 ते 100 किलोव्होल्टवर चालते, तर घरगुती स्वस्त गनचा दाब बहुधा 10 ते 15 किलोव्होल्टच असतो. त्यामुळे कणांना भार कमी मिळतो आणि अधिक पावडर जॉबवर न बसता वाया जाते. पण छंदाची खरी मर्यादा गन नसून ओव्हन आहे. घरोघरी वापरला जातो तो जुना विजेचा स्वयंपाकी ओव्हन, आणि एकदा या कामाला लावल्यावर त्यात पुन्हा अन्न शिजवायचे नसते. काचेतून पाहिले तर पिठासारखा कोरडा थर आधी खडबडीत होतो, मग एकाएकी ओला झाल्यासारखा चमकून सपाट पसरतो. मात्र काम तेथे संपत नाही : खुद्द धातू सुमारे 200 अंश सेल्सिअसला पोहोचल्यावर पुढची साधारण दहा मिनिटे मोजायची असतात, आणि ओव्हनमधील हवेच्या तापमानावर विसंबणाऱ्याचा थर कच्चा राहतो.

ओतीव ॲल्युमिनियमच्या छिद्रांत अडकलेले तेल आणि वायू तापल्यावर बाहेर पडून थरावर फोड आणतात, म्हणून जाणकार असा भाग कोटिंगआधी रिकामाच तापवून घेतात. अलॉय व्हील्सबाबत मात्र अधिक जपावे लागते, कारण त्यांना कारखान्यात उष्णतेच्या प्रक्रियेतूनच बळकटी दिलेली असते आणि पुन्हा जास्त वेळ, जास्त तापवल्यास ती घटू शकते.