जीआयएस डेटा मॉडेलांचे खुले दस्तऐवजीकरण

जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, हिच्यातील डेटा मॉडेल हा माहितीच्या रचनेचा आराखडा असतो. जमिनीवरील कोणत्या वस्तू नोंदवायच्या, त्या बिंदू, रेषा की क्षेत्र म्हणून दाखवायच्या, प्रत्येक वस्तूसोबत कोणते रकाने ठेवायचे, त्या रकान्यांत कोणती मूल्ये चालतील आणि एका वस्तूचे दुसरीशी नाते काय, हे त्यात ठरते. हा आराखडा व्याख्यांसकट लिहून काढणे आणि कोणालाही तो पाहता, वापरता व सुधारता येईल अशा परवान्याखाली उपलब्ध करून देणे, याला डेटा मॉडेलाचे खुले दस्तऐवजीकरण म्हणतात. त्यात प्रत्यक्ष माहिती खुली करणे अपेक्षित असतेच असे नाही. नोंदवहीतील नोंदी गोपनीय असल्या तरी कोऱ्या नोंदवहीचा नमुना जाहीर करता येतो.

ही कल्पना महाराष्ट्रात अगदीच नवी मानता येत नाही. महसूल खात्याचे एक ते एकवीस गाव नमुने हे कागदावरचे डेटा मॉडेलच आहे. पेठ तालुक्यातील तलाठ्याची येवल्याला बदली झाली तरी नमुना सहामध्ये फेरफार, आठ-अमध्ये खातेदाराची एकूण जमीन आणि बारामध्ये पिके नोंदवायची, हे त्याला नव्याने शिकावे लागत नाही. ज्याला सगळे ‘सातबारा’ म्हणतात तो उतारासुद्धा दोन नमुन्यांची जोड आहे. सातमध्ये जमिनीवरील हक्क असतात, बारामध्ये त्या जमिनीवरील पीक असते, आणि दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे गट किंवा भूमापन क्रमांक. आजच्या संगणकीय लेयरांच्या, म्हणजे एकेका विषयाच्या वस्तूंचे नकाशावरील थर असतात त्यांच्या, बाबतीत नेमका हाच छापील, सर्वांना ठाऊक असलेला नमुना अनेकदा हरवलेला असतो. फाइल हाती येते, पण तिच्यातील रकान्यांचा अर्थ फाइल बनवणाऱ्याच्या डोक्यातच राहतो.

मॉडेलाचे स्तर. डेटा मॉडेल साधारणपणे तीन स्तरांवर लिहिले जाते. संकल्पनात्मक स्तरावर वस्तू आणि त्यांची नाती साध्या भाषेत किंवा आकृतीत मांडली जातात. तार्किक स्तरावर त्यांची कोष्टके, रकाने आणि ओळख-क्रमांक ठरतात. प्रत्यक्ष स्तरावर ती एखाद्या विशिष्ट डेटाबेसमध्ये किंवा फाइल-प्रकारात उतरवली जातात. बहुतेक ठिकाणी फक्त तिसरा स्तर हातात दिला जातो, आणि तिथेच घोटाळा सुरू होतो, कारण ‘असे का केले’ याचे उत्तर पहिल्या स्तरावरच मिळते.

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांचे मॉडेल करायला घेतले तर हे लगेच ध्यानात येते. पहिल्या नजरेला एक बाग म्हणजे एक क्षेत्र आणि त्याला जोडलेला एक गट क्रमांक, असे वाटते. निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्याला विचारले तर तो ‘प्लॉट’ हा शब्द वापरतो, आणि एका गटात त्याचे वेगवेगळ्या वाणांचे, वेगवेगळ्या वर्षी लावलेले दोन-तीन प्लॉट असू शकतात. उलट, शेजारच्या दोन गटांवर पसरलेला एकच प्लॉटही आढळतो. म्हणजे गट आणि प्लॉट यांचे नाते एकास एक नसून अनेकांस अनेक आहे, आणि त्यासाठी जोड-कोष्टक वेगळे ठेवावे लागते. पुढे छाटणी येते. प्रत्येक प्लॉटवर वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळ्याच्या अखेरीस गोडी छाटणी होत असल्याने ‘छाटणीची तारीख’ हा प्लॉटचा रकाना होऊ शकत नाही. ती स्वतंत्र नोंद धरून प्लॉटशी जोडावी लागते. नाहीतर दर हंगामात जुनी तारीख पुसली जाऊन नवी बसते आणि मागील वर्षांचा इतिहास जातो.

याच उदाहरणात नियमांची गोची दिसते. गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते असे गृहीत धरून कोणी ‘महिना : सप्टेंबर ते नोव्हेंबर’ अशी मर्यादा घातली, तर निफाडच्या नोंदी बिनबोभाट जातील. पण कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या ‘कसमादे’ पट्ट्यात लवकर माल काढण्यासाठी जून-जुलैपासूनच ही छाटणी धरली जाते, आणि तिथल्या शेतकऱ्याची खरी नोंद प्रणाली चुकीची म्हणून परत पाठवील. मॉडेल खुले असेल तर सटाण्याचा कोणीतरी ती मर्यादा वाचून आधीच हरकत घेतो. बंद असेल तर माहिती भरणारा माणूस निमूटपणे खोटी तारीख टाकून पुढे जातो. या प्रथेचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे, पण त्याचा उल्लेख सर्वांत कमी होतो.

दस्तऐवजात काय असते. मॉडेलाच्या दस्तऐवजाचा गाभा म्हणजे डेटा डिक्शनरी. त्यात प्रत्येक लेयरची व्याख्या, प्रत्येक रकान्याचे नाव, अर्थ, प्रकार, एकक, रिकामा ठेवता येतो की नाही आणि मान्य मूल्यांची यादी दिलेली असते. एककाचा तपशील किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. ‘क्षेत्र’ या रकान्यात १.२० असा आकडा आहे असे समजू. सातबाऱ्याच्या हेक्टर-आर पद्धतीने तो एक हेक्टर वीस आर, म्हणजे सुमारे तीन एकर. दशांश एकर धरला तर सव्वा एकरापेक्षा थोडा कमी. आणि बोलण्यातल्या एकर-गुंठ्याच्या हिशेबाने एक एकर वीस गुंठे, म्हणजे चाळीस गुंठ्यांचा एकर असल्यामुळे चक्क दीड एकर. तिन्ही वाचने आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणते अभिप्रेत आहे हे केवळ डिक्शनरीतील एक ओळ सांगू शकते.

मान्य मूल्यांच्या यादीची गरज नाशिक महानगरपालिकेच्या विभागांवरून समजते. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर असे सहा विभाग आहेत, परंतु ‘नवीन नाशिक’ला गावात सगळे ‘सिडको’च म्हणतात. यादी निश्चित केलेली नसेल तर एकाच लेयरमध्ये दोन्ही नावे येतात आणि सहा विभागांची बेरीज सात ओळींत पडते. गावांच्या बाबतीत तर नाव हा ओळखीचा आधार होऊच शकत नाही : पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव बहुला, पिंपळगाव खांब ही तीन गावे याच जिल्ह्यात आहेत, आणि बोलताना तिन्ही नुसती ‘पिंपळगाव’ असतात. म्हणून चांगल्या मॉडेलात नावाबरोबर जनगणनेचा किंवा स्थानिक शासन निर्देशिकेचा क्रमांक असतो, आणि तो कोणत्या वर्षीच्या यादीतला हेही लिहिलेले असते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा क्रमांक २७ आणि नाशिक जिल्ह्याचा ५१६ होता.

निर्देशांक-प्रणालीची, म्हणजे जागेचे आकडे कोणत्या पद्धतीने मोजले याची, नोंद अनिवार्य समजली जाते. पृथ्वीचे उभे पट्टे पाडून निर्देशांक देणाऱ्या यूटीएम पद्धतीच्या ४३ उत्तर या पट्ट्यात नाशिक शहर येते, आणि डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक आधारावरील त्या पट्ट्याचा ईपीएसजी क्रमांक, म्हणजे निर्देशांक-प्रणालींच्या सामाईक यादीतील क्रमांक, ३२६४३ आहे. जुने स्थलदर्शक नकाशे मात्र एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या वेगळ्या, जुन्या गणिती प्रतिकृतीवर, आधारलेले आहेत. एका आधारावरील निर्देशांक दुसऱ्याचे समजून वापरले तर नाशिकच्या परिसरात वस्तू काहीशे फूट सरकते. इतके अंतर गोदाकाठचे एखादे मंदिर नदीपात्रात नेऊन ठेवायला पुरेसे आहे.

मराठी माहितीपुढे आणखी एक अडचण असते, जी परदेशी पुस्तकांत सहसा सापडत नाही. अजूनही सर्रास वापरल्या जाणाऱ्या शेपफाइल या प्रकारात रकान्याच्या नावाला दहा बाइटांची मर्यादा आहे, आणि यूटीएफ-८ या युनिकोड अक्षर-संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा वेगळे मोजून, तीन बाइट घेते. त्यामुळे ‘गाव’ हे नाव जेमतेम बसते, ‘तालुका’ बसत नाही. मजकुराच्या रकान्यालाही २५४ बाइटांची, म्हणजे देवनागरीत ८४ चिन्हांची कमाल मर्यादा पडते. परिणामी रकान्यांना रोमन लघुरूपे दिली जातात आणि ती देणाऱ्यालाच पुढच्या वर्षी कळेनाशी होतात. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत भरलेली नावे तर फाँट बदलताच निरर्थक अक्षरांचा ढीग होतात, म्हणून माहिती कोणत्या अक्षर-संकेतनात आहे हे दस्तऐवजात लिहावे लागते. २०१४ मध्ये मानक म्हणून स्वीकारलेल्या जिओपॅकेज या प्रकारात दहा बाइटांचे हे बंधन नाही.

व्याख्येचा प्रश्न : पूर आणि मारुती. रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आले, कमरेला लागले, छातीशी पोचले, डोक्यावरून गेले, या मोजमापावर नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या पुराची तीव्रता सांगत आले आहेत. स्थानिक माणसासाठी ही व्याख्या पूर्ण आहे आणि तिला कागदाची गरज नाही. पुण्यात किंवा डेहराडूनला बसलेल्या विश्लेषकाला मात्र ‘कमरेपर्यंत’ म्हणजे समुद्रसपाटीपासून किती मीटर, हे कोणी लिहून दिल्याशिवाय त्या शब्दाचा काही उपयोग नाही. डेटा मॉडेलाचे दस्तऐवजीकरण म्हणजे हे भाषांतर एकदाच करून ठेवणे.

पूररेषेच्या लेयरला हेच लागू पडते. महाराष्ट्रात निळी रेषा सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराशी आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराशी निगडित असते. परंतु लेयरमध्ये केवळ ‘रंग : निळा’ एवढेच असेल तर ती रेषा कोणत्या वर्षीच्या सर्वेक्षणावरून काढली, गंगापूर धरणाचा किती क्युसेक विसर्ग गृहीत धरला आणि उंची कोणत्या आधारापासून मोजली, हे समजत नाही. ज्या रेषेवर एखाद्याला घर बांधता येईल की नाही हे ठरते, तिच्या बाबतीत हे रकाने सजावटीचे नाहीत.

मानके आणि जागतिक वाटचाल. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ओपन जिओस्पेशियल कन्सोर्टियमने आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने या क्षेत्रातील बहुतेक सामाईक भाषा घडवली. आयएसओ १९११० वस्तू-प्रकारांची सूची कशी लिहावी हे सांगते, तर १९११५ माहितीविषयीच्या माहितीचे, म्हणजे मेटाडेटाचे मानक आहे. २०१२ चे आयएसओ १९१५२ जमिनीच्या प्रशासनाचे मॉडेल देते. त्यातील पक्षकार, हक्क आणि भूखंड ही त्रयी सातबारा वाचणाऱ्याला ओळखीची वाटेल. टेक्सास विद्यापीठात आकाराला आलेले ‘आर्क हायड्रो’ हे जलस्रोतांचे मॉडेल २००२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि एका विषयाचे मॉडेल अनेक संस्थांनी उचलावे याचा तो ठळक नमुना ठरला. युरोपीय संघाच्या २००७ च्या ‘इन्स्पायर’ निर्देशाने ३४ विषयांच्या माहितीसाठी सामाईक रचना ठरवण्याची वाट घातली. स्वित्झर्लंडने २००८ पासून लागू झालेल्या कायद्याच्या आधारे त्याहून पुढे जाऊन संघराज्याच्या कायद्याने आवश्यक ठरवलेल्या भू-माहितीसाठी किमान मॉडेल बंधनकारक केले.

२००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपची रीत यापेक्षा निराळी आहे. तिथे वरून ठरलेले मॉडेल नाही. नकाशा बनवणारे स्वयंसेवक वस्तूंना नाव-मूल्य अशा जोड्या देतात, आणि त्या जोड्यांचे अर्थ सर्वांना संपादता येणाऱ्या पानांवर लिहिले जातात. मराठी नावासाठी तिथे वेगळी जोडी आहे, त्यामुळे नाशिकची गल्ली मूळ मराठी नावाने नोंदवता येते. शिस्त कमी आणि लवचीकता जास्त, असा हा सौदा आहे, आणि मोठ्या संस्थांनी त्याला नाके मुरडली तरी दस्तऐवज वापरणाऱ्यांनीच जिवंत ठेवल्याचे याहून चांगले उदाहरण दाखवणे कठीण.

भारतातील चौकट. २०१२ चे राष्ट्रीय माहिती वाटप व उपलब्धता धोरण, २०१७ चा शासकीय खुल्या माहितीचा परवाना, १५ फेब्रुवारी २०२१ ची भू-माहितीविषयक मार्गदर्शक तत्त्वे आणि २०२२ चे राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण या टप्प्यांनी नकाशे बनवण्यावरचे बरेच निर्बंध सैल केले. या सगळ्याचा भर स्वाभाविकपणे माहितीवर आहे. मॉडेलाचा परवाना वेगळा विचारात घ्यावा लागतो, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संकलनांचा आणि संगणकीय डेटाबेसांचा समावेश साहित्यकृतीत होतो, आणि परवाना स्पष्ट नसलेला दस्तऐवज दिसत असूनही निर्धास्तपणे वापरता येत नाही. मॉडेलाच्या मजकुरासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयनिर्देश परवाना सोयीचा पडतो. खातेदारांची नावे, आजार, उत्पन्न अशा व्यक्तिगत माहितीला २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा विचार लागू होतो. त्या रकान्यांची व्याख्या जाहीर करण्याला मात्र त्यात काही अडथळा नाही.

आवृत्त्या आणि देखभाल. मॉडेल एकदा लिहून संपत नाही. २०१२ च्या महापालिका निवडणुकीत प्रभाग दोन सदस्यांचे होते. २०१७ मध्ये बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे झाले आणि नाशिकचे १२२ नगरसेवक ३१ प्रभागांतून निवडले गेले. दोन्ही वेळचा ‘प्रभाग १२’ हा एकच भूभाग नाही, म्हणून प्रभागाच्या लेयरला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ हे रकाने लागतात, आणि रकाने वाढले की मॉडेलाला नवा आवृत्ती-क्रमांक व बदलांची टिपण द्यावी लागते. संगणकीय कार्यक्रम लिहिणाऱ्यांची गिटसारखी आवृत्ती-नियंत्रण साधने यासाठी वापरली जातात, त्यामुळे कोणता रकाना कोणी, कधी आणि कोणत्या चर्चेनंतर बदलला हे मागे जाऊन पाहता येते.

नाशिकमध्ये देखभालीची खरी कसोटी सिंहस्थात लागते. घाट हा लेयर रेषा म्हणून ठेवायचा की क्षेत्र म्हणून, हे त्याच्या उपयोगावर ठरते. गर्दी किती मावेल याला पायऱ्यांचे क्षेत्रफळ लागते, तर एका वेळी किती जण पाण्यात उतरू शकतील याला पाण्याच्या कडेची लांबी. रामकुंड किंवा त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्ताच्या बाबतीत हा निर्णय एका बैठकीत होतो, लेयर तयार होतो, पर्वणी पार पडते. पुढचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, तोवर त्या बैठकीतले बहुतेक जण बदलून किंवा निवृत्त होऊन गेलेले असतात, आणि हार्ड डिस्कवर उरलेल्या फाइलमधील ‘लांबी’ हा रकाना घाटाची की पाण्याच्या कडेची, हे विचारायला कोणी जागेवर नसते.