इंदूरमध्ये नादारीचा अर्ज: वकील कधी गाठायचा, कागद कोणते जमवायचे

नादारीचा अर्ज म्हणजे कर्ज फेडता येत नाही असं न्यायालयाला सांगून दिवाळखोर ठरवून घेण्याचा अर्ज. त्यासाठी वकील करायचा की नाही, हे कर्जाच्या आकड्यावरून ठरवू नका. हातात कोणता कागद आलाय, त्यावरून ठरवा. बँकेच्या कर्ज विभागात माझी पंचवीसेक वर्षं गेली, त्यातली बरीचशी इथे इंदूरलाच. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतले लोक कागद घेऊन घरी येतात. बहुतेक जण उशिरा येतात आणि येण्याआधी घाबरून काहीतरी करून बसलेले असतात. ते निस्तरण्यातच निम्मी ताकद जाते. मी वकील नाही, पण कोणतं दार आधी ठोठवायचं एवढं सांगू शकतो.

गेल्या पावसाळ्यात क्लॉथ मार्केटात साड्यांचा छोटा धंदा असलेले एक गृहस्थ आले. सुदामा नगरात राहणारे, वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान. सगळे कागद लाडवाच्या स्टीलच्या डब्यात कोंबलेले. डबा जेवणाच्या टेबलावर उपडा केला आणि आम्ही ढीग लावायला लागलो: बँक, फायनान्स कंपनी, पतपेढी, व्यापाऱ्यांची उधारी, नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने. तळाशी घडी घातलेलं एक दानपत्र निघालं. सहा आठवड्यांपूर्वी त्यांनी राहता फ्लॅट बायकोच्या नावे करून दिला होता. "घर तरी वाचवलं, काका," ते म्हणाले. त्या दानपत्राकडे परत येईन, आधी कायदा सांगतो.

कायदा कोणता लागतो?

यात आपल्या लोकांचा हमखास गोंधळ होतो. २०१६ साली नवी दिवाळखोरी संहिता आली, त्यामुळे वाटतं की आता सगळं त्याखालीच चालतं. पण त्या संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त एकाच गटाला लागू झाला: कंपनीच्या कर्जाला जे वैयक्तिक जामीन राहिले ते. गरीब कर्जदारांसाठी त्यात एक सोपी कर्जमुक्तीची वाट लिहिलेली आहे, वर्षाचं उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत आणि कर्ज ३५,००० च्या आत असणाऱ्यांसाठी. ती चालू झालेली नाही. कोणी तिचा फॉर्म भरून देतो म्हणाला, तर पैसे देऊ नका.

नोकरदार, दुकानदार, रिक्षावाले, शिक्षक या सगळ्यांना इंदूरमध्ये आजही १९२० चा जुना कायदा लागतो. इथल्या कागदांवर तो 'प्रांतीय दिवाला अधिनियम' म्हणून दिसेल. अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. मुंबईचा मावसभाऊ "हायकोर्टात जावं लागतं" म्हणेल, आणि त्याच्यापुरतं ते बरोबर आहे; मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांसाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे. त्याचा सल्ला इथे चालत नाही.

पात्रता

कर्ज फेडता येत नाही ही पहिली अट. सोबत तिघांपैकी एक गोष्ट हवी: एकूण देणं किमान ५०० रुपये असावं (हा आकडा १९२० पासून तसाच आहे, त्यामुळे ही अट जवळजवळ प्रत्येकाची पूर्ण होते), किंवा पैशाच्या हुकूमनाम्याखाली (पैसे द्या, असा दिवाणी न्यायालयाचा निकाल) अटक झालेली असावी, किंवा तशा हुकूमनाम्यात मालमत्तेवर जप्तीचा आदेश चालू असावा. जप्तीला इथले कागद 'कुर्की' म्हणतात. तुम्ही जिथे राहता, धंदा करता किंवा पोटासाठी काम करता, तिथल्या न्यायालयात अर्ज द्यायचा. नोकरी इंदूरची आणि आईवडिलांचं घर देवासला असेल, तरी अर्ज इथे चालतो.

धनको, म्हणजे ज्याचं देणं आहे तो, तोसुद्धा तुमच्याविरुद्ध असा अर्ज करू शकतो. त्यासाठी गेल्या तीन महिन्यांत तुमच्या हातून नादारीचं एखादं कृत्य घडलेलं असावं लागतं. धनकोंना चुकवायला घर सोडून निघून जाणं किंवा त्यांना बुडवण्यासाठी मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करणं ही अशी कृत्यं. फोन बंद करून गावी निघून जाऊ नका, असं मी लोकांना कळकळीने सांगतो ते यासाठीच.

कोणता कागद, कोणाकडे?

दोन-तीन हप्ते थकलेत, पगार चालू आहे आणि अजून नुसते फोनच येताहेत, अशा वेळी वकिलाची फी भरू नका. थेट शाखेत जा, लेखी अर्ज द्या, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा आणि अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का घ्या. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मोडला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे फुकटात काम होतं, वकील लागत नाही.

लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका. तिथेही वकिलावाचून जाता येतं. मात्र सही करण्याआधी तडजोडीची रक्कम आणि तारखा घरी बसून नीट पाहा, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

घर तारण असेल आणि थकबाकी भरा म्हणून बँकेची ६० दिवसांची नोटीस आली असेल, तर त्याच आठवड्यात वकील गाठा. त्या नोटिशीवर आक्षेप घेता येतो आणि बँकेला त्याचं उत्तर १५ दिवसांत द्यावंच लागतं. हे दिवस आपण नुसतं रडून घालवतो. पुढे ताबा घेण्याची कारवाई झाली, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जावं लागतं आणि आपलं न्यायाधिकरण जबलपूरला आहे. चेक न वटल्याची नोटीस तर आणखी तातडीची, ती हातात पडल्यापासून पैसे भरायला फक्त १५ दिवस असतात. हे प्रकरण फौजदारी आहे आणि नादारीचा अर्ज केल्याने ते थांबत नाही.

दिवाणी दाव्याचं समन्स, हुकूमनामा, जप्ती किंवा अटकेचं वॉरंट आलं, तर दिवाणी काम करणारा, शक्यतो नादारीचे अर्ज प्रत्यक्ष चालवलेला वकील हवा. असे वकील थोडे आहेत. पहिल्याच भेटीत "१९२० च्या कायद्याखाली किती अर्ज चालवलेत?" असं सरळ विचारा, त्यात संकोच नको. कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांनी मात्र नव्या संहितेखाली अशी प्रकरणं हाताळणारे नोंदणीकृत नादारी व्यावसायिक गाठावेत.

खासगी सावकाराने कोरे चेक घेऊन ठेवले असतील, तर गप्प राहू नका. मध्य प्रदेशात सावकारीसाठी १९३४ चा आणि ऋणकोंच्या संरक्षणासाठी १९३७ चा कायदा आहे. पोलिसांत तक्रार करता येते.

फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कारखान्यातले कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. अटकेच्या भीतीने झोप उडालेल्या एका ताईंना मी एवढंच सांगितलं होतं की पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करता येत नाही. त्या कितीतरी वेळ काही बोललीच नाहीत. पुरुषालाही केवळ ऐपत नाही म्हणून तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून टाळाटाळ केल्याचं दिसावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलंय.

'कर्जमाफी प्रमाणपत्र' मिळवून देणाऱ्यांपासून दूर राहा. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये अशा मोहिमांबद्दल लोकांना सावध केलं होतं.

अर्जासोबत काय लागतं?

अर्जात कर्ज फेडू शकत नसल्याचं विधान, राहण्याचा आणि धंद्याचा पत्ता, प्रत्येक धनकोचं नाव, पत्ता आणि रक्कम, सगळ्या मालमत्तेची यादी, तिची किंमत आणि ती कुठे आहे, ती न्यायालयाच्या स्वाधीन करायची तयारी आणि आधी कधी असा अर्ज केला होता का, एवढं द्यावं लागतं. खाली तुमचं सत्यापन.

म्हणून वकिलाकडे जाण्याआधी घरीच गोळा करा: ओळख आणि पत्त्याचा पुरावा, प्रत्येक कर्जाचं मंजुरीपत्र आणि ताजा खातेउतारा, आलेल्या सगळ्या नोटिसा पाकिटांसकट (पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख कामी येते), हुकूमनाम्याची आणि जप्ती आदेशाची नकल, घराची रजिस्ट्री, गाडीचे कागद, विमा पॉलिसी, बँकेची स्टेटमेंटं आणि आयकर विवरणपत्रं. दुकानदारांनी गेल्या तीन वर्षांच्या वह्या आणाव्यातच. वह्या नीट ठेवल्या नसतील, तर शेवटी पूर्ण मुक्ती, म्हणजे उरलेल्या कर्जातून न्यायालयाने दिलेली सुटका, मिळताना तेच आडवं येतं. इथे वकिलाआधी हिशेबनीसाला पैसे देणं शहाणपणाचं. न्यायालयाचं काम हिंदीत चालतं, तेव्हा पतपेढीचे किंवा महाराष्ट्रातले मराठी कागद असतील तर त्यांचा हिंदी अनुवादही करून ठेवा.

हातउसने यादीतून वगळू नका. आत्याकडून घेतलेले ४०,००० लिहायला लाज वाटते, कळतं मला. पण यादी अपुरी दिली तर अर्जच संशयाखाली येतो आणि जाणूनबुजून लपवल्याचं ठरलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

अर्ज दिल्यावर

एकदा दिलेला अर्ज न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही. धनकोंना नोटिसा जातात, सुनावणी होते. नादार ठरलात की मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे (मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेला माणूस) जाते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं, भविष्यनिर्वाह निधी आणि आयुर्विम्याची रक्कम यांना हात लागत नाही. अटकेपासून संरक्षणाचा आदेश मागता येतो. धनकोंशी तडजोडही होऊ शकते, त्याला संख्येने बहुमत आणि रकमेच्या तीन-चतुर्थांश धनकोंची संमती लागते. न्यायालयाने ठरवून दिलेल्या मुदतीत मुक्तीचा अर्ज करायला विसरू नका, नाहीतर केलेलं सगळं रद्द होऊ शकतं. मुक्ती मिळेपर्यंत आमदारकी-खासदारकी आणि पालिकेची निवडणूक बंद.

मुक्तीनंतरही सरकारी देणी, फसवणुकीतून झालेलं कर्ज आणि पोटगी सुटत नाही. तारण घेतलेली बँक आपलं तारण विकू शकते. जामीनदारही सुटत नाही. तुमच्या शब्दावर सही केलेला मेहुणा कर्जात तसाच राहतो. अर्जाआधी त्याला समोर बसवून हे सांगा.

आता ते दानपत्र. अर्जाआधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय दुसऱ्याला दिलेली मालमत्ता न्यायालय परत ओढू शकतं. घर तर वाचत नाहीच, उलट तुमच्या हेतूवर शंका येते. शेवटच्या तीन महिन्यांत एखाद्या धनकोला मुद्दाम झुकतं माप देऊन इतरांआधी फेडलं असेल, तर तेही रद्द होऊ शकतं. हे ऐकल्यावर ते गृहस्थ बराच वेळ डब्याचं झाकण लावत आणि उघडत राहिले. मग त्यांनी बायकोला फोन करून सगळं सांगितलं, माझ्यासमोरच.

सोमवारी आम्ही दोघं वकिलाकडे गेलो. डब्यातून पहिला कागद त्यांनी दानपत्राचाच काढला.