बाहुलीत जीव येतो कुठून? ‘इनोसन्स’मधलं घोस्ट डबिंग आणि आजचं विज्ञान

जपानी दिग्दर्शक मामोरू ओशी यांचा ‘घोस्ट इन द शेल’ हा ॲनिमेशनपट 1995 साली आला, तेव्हा त्यातला प्रश्न साधा होता. शरीराचा एकेक भाग बदलत गेलं, तर माणूस कुठवर माणूस राहतो? मार्च 2004 मध्ये आलेल्या ‘इनोसन्स’ या पुढच्या भागात ओशींनी तो प्रश्न फिरवला. इथे माणसाचं यंत्र होत नाही, यंत्रात माणूस भरला जातो. त्या वर्षी हा ॲनिमेशनपट कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता. त्यावर तत्त्वज्ञानाच्या अंगाने भरपूर लिहिलं गेलंय. पण त्यातली एक कल्पना विज्ञानाच्या कसोटीवर घासून बघण्यासारखी आहे आणि गेल्या काही वर्षांतल्या संशोधनामुळे ती आता नीट घासता येते. (पुढे कथेचा उलगडा आहे. सिनेमा पाहायचा असेल, तर आधी तो पाहून या.)

कथा 2032 सालातली. लोकस सोलस नावाची कंपनी स्त्रीरूपातल्या यंत्रबाहुल्या, म्हणजे गायनॉइड, बनवते. त्यातल्या काही अचानक मालकांचे खून पाडतात आणि मग स्वतःलाच संपवतात. तपास सेक्शन 9 या सरकारी सुरक्षा पथकातल्या दोघांकडे येतो: जवळजवळ सगळं शरीर यांत्रिक असलेला बाटो आणि बराचसा हाडामांसाचाच उरलेला तोगुसा. शेवटी कळतं ते असं. या बाहुल्या इतरांपेक्षा जिवंत वाटतात, कारण पळवून आणलेल्या लहान मुलींच्या मनाची, सिनेमाच्या भाषेत ‘घोस्ट’ची, नक्कल त्यांच्यात उतरवलेली असते. या तंत्राचं नाव घोस्ट डबिंग. त्यात नक्कल काढताना मूळ मन झिजत जातं, म्हणून त्यावर कायद्याने बंदी आहे.

संगणक वापरणारा कुणीही इथे शंका काढेल. फाइलची नक्कल केल्याने फाइल झिजते का? चॅटजीपीटीसारखं आजचं कुठलंही भाषा-मॉडेल म्हणजे शेवटी आकड्यांची लांबलचक यादी. तिच्या हजार प्रती काढा, मूळ यादीतला एक आकडाही हलणार नाही. मग हा नियम पटकथेच्या सोयीसाठी घुसडलेला वाटतो. पण मेंदू ही फाइल नाही, आणि मेंदूची नक्कल काढायची आज जी सर्वांत तपशीलवार रीत आहे तिच्यात मूळ झिजत नाही, पूर्ण नष्ट होतं.

ती रीत अशी. ऊतीचा तुकडा शरीराबाहेर येताच रसायनात बुडवून त्यातली प्रथिनं जागच्या जागी गोठवतात. मग ऑस्मियमसारख्या जड धातूंनी पेशींची पटलं रंगवतात, कारण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला साधा रंग दिसत नाही, जड अणू दिसतात. नंतर पाणी काढून टाकून तुकडा रेझिनमध्ये घट्ट बसवतात आणि हिऱ्याच्या पात्याने त्याच्या चकत्या पाडतात. एका चकतीची जाडी सुमारे 30 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या दोन-अडीच हजाराव्या भागाइतकी. प्रत्येक चकतीचा फोटो निघतो, संगणक ते फोटो एकावर एक रचतो आणि प्रत्येक चेतापेशीचा धागा चकतीमागून चकती शोधत जातो.

हार्वर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी मे 2024 मध्ये माणसाच्या मेंदूच्या अशा एका तुकड्याचा नकाशा प्रसिद्ध केला. तुकडा अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढलेला, आकार फक्त 1 घन मिलिमीटर. त्यासाठी 5,000हून अधिक चकत्या पाडल्या. त्यात सुमारे 57,000 पेशी आणि 15 कोटी जोडण्या सापडल्या. विदा (डेटा) भरली 1.4 पेटाबाइट, म्हणजे 1,400 टेराबाइट. आता गुणाकार करून बघा. माणसाचा मेंदू साधारण 12 लाख घन मिलिमीटरचा धरला, तर नुसते फोटो साठवायला सुमारे 1.7 अब्ज टेराबाइट लागतील. 20 टेराबाइटची एक डिस्क धरली, तर आठ कोटींहून जास्त डिस्का.

साठवणुकीचा प्रश्न पैशाने सुटेल, चुकांचा नाही. धागे शोधणारी प्रणाली दोन प्रकारे घसरते. एखादी चकती फाटली किंवा सुरकुतली की धागा मध्येच तुटतो आणि एका पेशीच्या दोन पेशी होतात. उलट दोन धागे एकमेकांना अगदी चिकटून गेले, तर पटल अंधूक दिसतं आणि दोन पेशी एक होऊन बसतात. ही दुसरी चूक जास्त वाईट, कारण असा एक चुकीचा सांधा पुढच्या शेकडो जोडण्या भलत्याच पेशीच्या नावावर टाकतो. या चुका शेवटी माणसांनाच पडद्यावर बघून सोडवाव्या लागतात. प्रौढ फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा ऑक्टोबर 2024 मध्ये पूर्ण झाला. पेशी 1,39,255, जोडण्या सुमारे 5 कोटी, आणि दुरुस्तीला लागलेली मेहनत अंदाजे 33 मनुष्यवर्षे. मेंदू माशीचा, खसखशीच्या दाण्याएवढा.

बरं, नकाशा बिनचूक हातात आला, तरी मन हातात येतं का? सी. एलेगन्स या गोलकृमीच्या 302 चेतापेशींचा नकाशा 1986 सालीच छापला गेला. पण त्यावरून संगणकात जिवंत कृमीसारखा हुबेहूब वागणारा कृमी अजून कुणाला उभा करता आलेला नाही. कोणती पेशी कुणाला जोडली आहे ते नकाशा सांगतो. ती जोडणी किती जोरकस आहे, पुढच्या पेशीला चेतवते की आवरते, आजूबाजूला तरंगणारी रसायनं तिचा स्वभाव तासातासाला कसा बदलतात, हे गोठवलेल्या, रंगवलेल्या ऊतीत बरंचसं दिसतच नाही. त्यामुळे घोस्ट डबिंगमधलं ‘डबिंग’ आज होऊ शकत नाही. मूळ नष्ट होण्याचा भाग मात्र ओशींनी अचूक धरलाय.

पण मला या कल्पनेतली खरी धार वेगळीकडे वाटते. यंत्र जिवंत वाटावं म्हणून त्याच्या आत माणूस लपवायचा, ही युक्ती जुनीच आहे. व्होल्फगांग फॉन केम्पेलेन याने 1770 साली व्हिएन्नाच्या दरबारात बुद्धिबळ खेळणारा यांत्रिक तुर्क आणला. खेळाआधी तो पेटीची दारं एकामागून एक उघडून आतली दंतचक्रं लोकांना दाखवी. आतला खेळाडू सरकत्या बैठकीवर बसलेला असे आणि ज्या बाजूचं दार उघडेल त्याच्या विरुद्ध बाजूला सरके. सोंगट्यांच्या तळाशी लोहचुंबक होते. वर सोंगटी उचलली की पटाखाली लटकवलेला लोखंडाचा तुकडा हले, त्यावरून आतल्याला चाल कळे. उजेडासाठी आत मेणबत्ती होती. तिचा धूर बाहुलीच्या पागोट्यातून बाहेर पडे आणि तो कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून खोलीत आणखी मेणबत्त्या लावत. ही पेटी अनेक दशकं युरोप-अमेरिकेत फिरली आणि 1854 साली फिलाडेल्फियात आगीत जळाली.

2005 साली ॲमेझॉनने ऑनलाइन किरकोळ कामं वाटणाऱ्या आपल्या सेवेला याच तुर्काचं नाव दिलं, तेही उघडपणे. प्रतिमा ओळखणाऱ्या प्रणाली ज्या ‘इमेजनेट’ संचावर शिकल्या, त्यातली लाखो चित्रं याच सेवेवरच्या जवळपास 50,000 लोकांनी निवडून दिली. ते 167 देशांतले होते. या सेवेवर काम करणाऱ्यांत भारतीयांचा वाटाही मोठा राहिला आहे.

भाषा-मॉडेलांत हा हात अजून खोल जातो. आधी मॉडेल प्रचंड मजकूर वाचून पुढचा शब्द ओळखायला शिकतं. एवढ्यावर ते बोलतं, पण विचारलं एक, सांगितलं भलतंच, असा प्रकार होतो. मग माणसं त्याची दोन-चार उत्तरं शेजारी ठेवून त्यातलं बरं कोणतं ते निवडतात. त्या निवडींवरून गुण देणारं दुसरं मॉडेल तयार होतं आणि त्या गुणांच्या मागे मूळ मॉडेलला पळवलं जातं. 2022 साली ओपनएआयने या पद्धतीवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात निवड करणारी माणसं होती 40च्या आसपास. तेवढ्यांच्या पसंतीवर घडवलेल्या 1.3 अब्ज आकड्यांच्या मॉडेलची उत्तरं परीक्षकांना 175 अब्ज आकड्यांच्या, पण न घडवलेल्या मॉडेलपेक्षा आवडली. लोकस सोलसची बाहुली बाजारात का खपते, याचं इतकं चपखल उत्तर पटकथेतही नाही. फरकही लक्षात घ्यायला हवा. इथे कुणाचं मन उतरवलं जात नाही, निवड उतरते, आणि निवडणारा संध्याकाळी घरी जातो. तो काय घेऊन घरी जातो, हा वेगळा विषय. चॅटजीपीटीसाठी हिंसक आणि लैंगिक छळाचे मजकूर वाचून त्यांवर खुणा करणाऱ्या केनियातल्या कामगारांना तासाला 2 डॉलरपेक्षा कमी मिळत होते, असं जानेवारी 2023 मध्ये ‘टाइम’ने उघड केलं.

सिनेमात खून होतात ते डबिंगमुळे नव्हे. माल रवाना करण्याआधी तपासणी करणारा एक माणूस बाहुल्यांच्या नीतिसंहितेत फेरफार करतो. बाहुल्यांनी गुन्हा केला तर पोलीस येतील आणि कोंडलेल्या मुलींचा पत्ता लागेल, हा त्यामागचा हिशोब. यातली तांत्रिक बाजू 2004 मध्ये काल्पनिक वाटली असेल, आज नाही वाटत. मॉडेलची सभ्यता ही त्याच्या पायाभरणीत नसते. ती शेवटच्या टप्प्यावर, तुलनेने थोड्या उदाहरणांनी चढवलेली असते आणि तेवढ्याच थोड्या उदाहरणांनी उतरतेही. 2023 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मुद्दाम निवडलेल्या फक्त 10 घातक उदाहरणांवर ओपनएआयच्या जीपीटी-3.5 टर्बो या मॉडेलला पुन्हा प्रशिक्षण दिलं आणि त्याचं सुरक्षेचं कवच निकामी झालं. खर्च आला 20 सेंटपेक्षा कमी. ज्याच्या हातात शेवटचा टप्पा, त्याच्या हातात बाहुली.

आता बाहुलीच्या चेहऱ्याविषयी. तोक्योतले यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी 1970 साली एका छोट्या लेखात आलेख मांडला. यंत्र माणसासारखं दिसत गेलं की ते आपल्याला आवडत जातं, पण अगदी माणसाच्या जवळ आलं की आवड एकदम कोसळते. हीच ती ‘अनकॅनी व्हॅली’. मोरींचं लाडकं उदाहरण कृत्रिम हाताचं आहे. नखं, शिरा, सगळं खरं वाटतं, म्हणून आपण हस्तांदोलन करतो आणि हाताला लागतं काहीतरी गार, बिनहाडाचं. हालचालीने ही दरी आणखी खोल होते, असंही त्यांनी लिहिलंय. बुनराकू या जपानी नाट्यप्रकारातल्या बाहुल्या मात्र त्यांनी दरीपलीकडच्या चढावर ठेवल्या. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांसारख्या त्या दोऱ्यांवर नाचत नाहीत, तीन माणसं त्यांना प्रेक्षकांसमोर हातांनी चालवतात.

या दरीमागे काय असावं, याचा एक धागा मेंदूच्या चित्रणातून मिळाला. आयशे पिनार सायगिन यांच्या गटाने लोकांना तीन चित्रफिती दाखवल्या: खरी बाई, तिच्यासारखी हुबेहूब दिसणारी जपानी यंत्रबाई रेप्ली क्यू-2, आणि त्याच यंत्राचं कातडं काढून उघडा ठेवलेला सांगाडा. बाईची हालचाल बाईसारखी आणि सांगाड्याची सांगाड्यासारखी, तेव्हा मेंदू निवांत होता. माणसाचं रूप आणि यंत्राची चाल एकत्र आली, तेव्हा पाहिलेली हालचाल आपल्या अंगच्या हालचालीशी जोडणारे भाग सर्वांत जास्त धडपडले. मेंदू सतत ‘आता पुढे काय’ याचा अंदाज बांधत असतो. रूपावरून बांधलेला अंदाज चालीने खोटा ठरवला, की त्याला जादा काम पडतं. अर्थात मोरींचा आलेख म्हणजे नियम नव्हे. सगळ्याच प्रयोगांत दरी मिळत नाही. मात्र चेहऱ्याचे भाग एकमेकांशी न जुळणं हे कारण पुन्हा पुन्हा सापडतं. व्यंगचित्रातल्या चेहऱ्याला मोठाले डोळे शोभतात. तेच डोळे खऱ्यासारख्या त्वचेवर बसवले की बघवत नाही.

ओशींनी याचा वापर जाणून केलाय. पात्रं हाताने काढलेली, सपाट. भोवतालचं जग त्रिमितीय. गायनॉइडच्या सांध्यांत गोळे आहेत, जर्मन कलावंत हान्स बेल्मेरच्या 1930च्या दशकातल्या बाहुल्यांसारखे, त्यामुळे ती हलली की खटकतेच. काही त्रिमितीय दृश्यं आता जुनी दिसतात, आणि पात्रं उठसूट थोरामोठ्यांची वचनं फेकतात तेही जरा अतीच होतं. प्रत्येकाच्या मेंदूला बाहेरची स्मृती जोडलेली आहे, हे लक्षात ठेवलं तर तो त्रास निम्मा कमी होतो. ते आठवून बोलत नाहीत, शोधून बोलतात.

शेवटच्या मारामारीत पहिल्या भागाची नायिका मोतोको कुसानागी परत येते, पण अख्खी नाही. उपग्रहामार्गे ती एका गायनॉइडमध्ये उतरते, आणि त्या मेंदूची क्षमता कमी असल्याने तिच्यातला काही भागच तिथे मावतो. चेहरा आणि आवाज त्यामुळे तुटपुंजे राहतात. हे मात्र आज रोज घडतं. 70 अब्ज आकड्यांचं मॉडेल, दर आकड्याला 16 बिट धरले तर 140 जीबी होतं. घरच्या संगणकात बसवायचं म्हणून दर आकडा 4 बिटांत कोंबला की तेच 35 जीबीवर येतं. प्रत्येक आकडा 65,536ऐवजी 16 पायऱ्यांपैकी जवळच्या पायरीवर ढकलला जातो, तिथे बारकावे जातात. नेहमीच्या इंग्रजी चाचण्यांत हे फारसं कळत नाही. बहुभाषक मॉडेलांवरच्या 2024 सालच्या एका अभ्यासात मात्र जपानीत यांत्रिक चाचण्यांवर सरासरी घट दिसली 1.7 टक्के, आणि खऱ्या माणसांनी उत्तरं वाचून सांगितलेली घट निघाली 16 टक्के. सर्वांत जास्त फटका बसला तो रोमनेतर लिप्यांत लिहिल्या जाणाऱ्या भाषांना. फोनवर चालणारं आटोपशीर मॉडेल मराठीत अडखळत असेल, तर प्रशिक्षणात मराठी मजकूर कमी पडला हे एक कारण झालं. बिटांची ही छाटणी हे दुसरं असू शकतं, आणि ते तपासायचं तर तोच प्रश्न 16 बिटांच्या प्रतीला विचारून दोन्ही उत्तरं मराठी माणसानेच वाचायला हवीत.