हँडहेल्ड गेम कन्सोल : प्रतिस्पर्धी कंपन्यांचे डावपेच

पडदा, बटणे, ध्वनी आणि वीजपुरवठा एकाच कवचात असलेले, हातात धरून खेळायचे यंत्र म्हणजे हँडहेल्ड गेम कन्सोल. या यंत्रांच्या बाजारात कंपन्या एकमेकींच्या चाली कशा ओळखतात, आणि बाहेरचे जाणकार त्या चालींचा अर्थ कसा लावतात, एवढ्यापुरती ही नोंद मर्यादित आहे.

इतर घरगुती उपकरणांपेक्षा या धंद्यात अंदाजाला अधिक वजन असते. नवे यंत्र आखणीपासून दुकानात येईपर्यंत काही वर्षे जातात. चिप, पडदा आणि किंमत यांचे निर्णय त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचे यंत्र दिसण्याआधीच घ्यावे लागतात. यंत्रावरचा नफा बहुधा बेताचा असतो, कधी तोटाही सोसला जातो, आणि खरी कमाई गेमच्या विक्रीतून व बाहेरच्या गेमनिर्मात्यांकडून मिळणाऱ्या परवानाशुल्कातून होते. ग्राहक आणि गेमनिर्माते दोघांनाही तगणारेच यंत्र हवे असते. साहजिकच, कोणते यंत्र तगेल याविषयीचा बाजारातील समजच काही अंशी निकाल ठरवतो.

उगम : या स्पर्धेची सुरुवात कोठून धरावी याबाबत मतभेद आहेत. मॅटेल कंपनीचा ‘ऑटो रेस’ हा पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक असा पहिला हातातला खेळ मानला जातो. त्याचे वर्ष बहुतेक संदर्भांत १९७६, तर काहींत १९७७ दिले जाते. त्यात लाल दिव्यांचे ठिपके पुढे सरकत आणि खेळ एकच होता. मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९७९ च्या अखेरीस आणलेल्या, जे स्मिथ यांनी आखलेल्या ‘मायक्रोव्हिजन’मध्ये कार्ट्रिज बदलून खेळ बदलता येई. त्याचा पडदा अवघा १६ × १६ ठिपक्यांचा होता आणि प्रक्रियक यंत्रात नसून प्रत्येक कार्ट्रिजमध्ये असे. यंत्र व गेम वेगवेगळे विकण्याची पद्धत हा निकष लावला, तर मान मायक्रोव्हिजनकडे जातो. मात्र तो बाजारात दोन-तीन वर्षेच टिकला आणि त्याला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी लाभला नाही. डावपेचांच्या इतिहासासाठी १९८० हेच वर्ष अधिक सोयीचे ठरते.

त्या वर्षी २८ एप्रिलला निन्तेन्दोने ‘गेम अँड वॉच’ मालिकेतील पहिला खेळ ‘बॉल’ बाजारात आणला. बुलेट ट्रेनमध्ये एक प्रवासी कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेला पाहून ही कल्पना सुचल्याचे तिचे जनक गुनपेई योकोई यांनी सांगितले आहे, आणि बहुतेक लेखनात हाच प्रसंग उगम म्हणून येतो. दुसरा एक पक्ष कारण औद्योगिक परिस्थितीत शोधतो. १९७० च्या दशकात शार्प व कॅसिओ यांच्या चढाओढीत कॅल्क्युलेटरच्या किमती कोसळल्या होत्या, आणि द्रवस्फटिक पडदे बनवण्याची शार्पची क्षमता नवे काम शोधत होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तरीही मालिकेची स्वस्ताई आणि तिचा वेग यांचा उलगडा दुसऱ्या पक्षाने अधिक चांगला होतो. १९९१ पर्यंत तिची सुमारे ४.३४ कोटी यंत्रे विकली गेली. याच मालिकेतील ‘डाँकी काँग’ (१९८२) या दोन पडद्यांच्या यंत्रावर अधिकचिन्हाच्या आकाराचे दिशाबटण आले. निन्तेन्दोने त्याचे पेटंट घेतले आणि इतर कंपन्यांना बराच काळ वेगळ्या रचनेची बटणे वापरावी लागली.

गेम बॉय आणि रंगीत प्रतिस्पर्धी : किंमत उतरलेले, सर्वांना चांगले कळलेले जुने तंत्र नव्या कामी लावावे, असे योकोई मानत. १९८९ चा ‘गेम बॉय’ (जपानमध्ये २१ एप्रिल, किंमत १२,५०० येन) त्याच विचारातून घडला. पडदा हिरवट व बिनप्रकाशाचा, छटा चार. पण चार पेन्सिल सेलवर यंत्र १५ तासांहून अधिक चाले. त्याच वर्षी आलेला अटारीचा ‘लिंक्स’ आणि १९९० चा सेगाचा ‘गेम गिअर’ हे दोन्ही रंगीत, मागून उजळलेल्या पडद्यांचे होते. त्यांना सहा सेल लागत आणि ते चार-पाच तासांत, कधी त्याआधीच संपत. अमेरिकेत गेम बॉय सुमारे ९० डॉलरला मिळे. गेम गिअर सुमारे १५० आणि लिंक्स सुमारे १८० डॉलरला. प्रतिस्पर्ध्याचे यंत्र येत असल्याची बातमी आली, तेव्हा योकोई यांनी त्याचा पडदा रंगीत आहे का एवढेच विचारले आणि होकार मिळताच ते निश्चिंत झाले, असा किस्सा सांगितला जातो. तो शब्दशः खरा मानण्याची गरज नाही, पण प्रतिस्पर्ध्याच्या बलस्थानातच त्याचा खर्च दडलेला असतो हा त्यामागचा हिशेब गेम बॉयच्या रचनेत स्पष्ट दिसतो.

गेम बॉयच्या यशाची मुख्यतः तीन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले किंमत व सेल यांचे. दुसरे ‘टेट्रिस’ या ठोकळे रचण्याच्या खेळाचे : गेमप्रकाशक हेन्क रॉजर्स यांनी मॉस्कोत जाऊन सोव्हिएत संस्था एलोर्गकडून हातातल्या यंत्रांसाठीचे हक्क मिळवले आणि अमेरिकेत गेम बॉयसोबत टेट्रिस देण्यात आला. तिसरे स्पष्टीकरण घरगुती कन्सोलमुळे दुकानदार व गेमनिर्माते यांच्यावर निन्तेन्दोची आधीच असलेली पकड पुढे करते. लोकप्रिय लेखनात टेट्रिसला सर्वाधिक श्रेय मिळते. जपानमध्ये मात्र यंत्र एप्रिलमध्ये आले आणि टेट्रिस जूनमध्ये, तेही स्वतंत्रपणे विकले गेले. तोवर यंत्राची विक्री जोरात सुरू झाली होती. एकट्या खेळाला निर्णायक मानणे त्यामुळे अवघड जाते. लिंक्स आखणारे आर. जे. मिकल व डेव्ह नीडल हे अमिगा संगणकाच्या घडणीतले नाणावलेले अभियंते होते आणि त्यांचे यंत्र तांत्रिकदृष्ट्या काळाच्या पुढे होते, हे येथे नोंदवलेच पाहिजे. त्यांचे काम पराभवाच्या सावलीत विसरले जाणे अन्यायाचे आहे.

१९९६ मध्ये जपानमध्ये ‘पोकेमॉन’ आला आणि सात वर्षांचे जुने यंत्र पुन्हा उभे राहिले. दोन यंत्रे तारेने जोडून प्राण्यांची देवघेव करावी लागत असल्याने एका मुलाच्या खरेदीमुळे त्याच्या मित्राचीही खरेदी होई. गेम बॉय व त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११.८७ कोटी यंत्रे खपली.

योकोई १९९६ मध्ये निन्तेन्दोतून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्या सहभागाने घडलेले बंदाईचे ‘वंडरस्वान’ १९९९ मध्ये ४,८०० येनला आले आणि एकाच सेलवर चालू लागले. म्हणजे निन्तेन्दोवर तिचाच डाव उलटवण्याचा हा प्रयत्न होता. निन्तेन्दोशी बिनसलेल्या स्क्वेअर कंपनीचे गेमही त्याला मिळाले. ते यंत्र जपानबाहेर फारसे गेले नाही. २००३ मध्ये आलेल्या नोकियाच्या ‘एन-गेज’मध्ये फोन व गेम एकत्र होते, पण गेमचे कार्ड बदलण्यासाठी बॅटरी काढावी लागे.

‘तिसरा खांब’ आणि डीएस–पीएसपी वाद : सोनीने मे २००३ मध्ये ई-३ या गेम उद्योगाच्या प्रदर्शनात ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’ ऊर्फ पीएसपीची घोषणा केली. सोनीच्या गेम व्यवसायाचे प्रमुख केन कुतारागी यांनी त्याचे वर्णन एकविसाव्या शतकातील वॉकमन असे केले. जानेवारी २००४ मध्ये निन्तेन्दोने दोन पडद्यांचे ‘डीएस’ जाहीर केले आणि ते गेम बॉयचा वारस नसून घरगुती गेमक्यूब व गेम बॉय अॅडव्हान्स यांच्याशेजारचा तिसरा खांब आहे, असे सांगितले. या विधानाचा अर्थ काय, यावर आजही एकमत नाही.

एक मत असे, की डीएस हे पीएसपीला दिलेले घाईचे उत्तर होते आणि ‘तिसरा खांब’ ही केवळ पळवाट होती : यंत्र पडले असते तर गेम बॉयचे नाव सुरक्षित राहिले असते. घोषणांचा क्रम या मताला अनुकूल आहे. पुढे गेम बॉय मालिकेला वारस मिळालाच नाही, हेही त्याच्या बाजूने मांडले जाते. विरुद्ध मत असे, की दोन पडद्यांचा आग्रह निवृत्त अध्यक्ष हिरोशी यामाउची यांचा होता, तशी यंत्रे कंपनीने १९८२ पासूनच केली होती, आणि तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांना गेम न खेळणाऱ्यांपर्यंत पोहोचायचे होते. पीएसपी नसते तरी असे काही आलेच असते. सप्टेंबर २००५ मध्ये, म्हणजे डीएस विकले जात असतानाच, ‘गेम बॉय मायक्रो’ बाजारात आला. पळवाटीच्या मताला ही गोष्ट सहज सामावून घेता येत नाही, कारण जे नाव केवळ राखून ठेवायचे त्यावर नवे यंत्र काढण्याचा खर्च कोणी करत नाही. यंत्राची कल्पना स्वतंत्र, तर तिची वेळ व मांडणी स्पर्धेने ठरलेली, असे मधले मत पुराव्याशी अधिक जुळते.

तिसरेही एक स्पष्टीकरण अधूनमधून आढळते. १९९१ मध्ये निन्तेन्दोने सीडी यंत्राच्या भागीदारीत ऐनवेळी सोनीला डावलून फिलिप्सशी हातमिळवणी केली होती. पीएसपी हा त्याचा सूड होय, असे त्यात मानले जाते. त्या प्रसंगातून घरगुती प्लेस्टेशनला चालना मिळाली हे खरे, पण तेरा वर्षांनंतरच्या यंत्रापर्यंत तो धागा ओढण्यास आधार दुबळा आहे. चित्रपट, संगीत व पडदे यांचे सोनीचे स्वतःचे व्यवसाय पाहता असे यंत्र काढण्याला सूडाची गरज नव्हती.

किमतीच्या घोषणांतही डावपेच दिसला. निन्तेन्दोने सप्टेंबर २००४ मध्ये डीएसची किंमत १५,००० येन जाहीर केली. सोनीने ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत मौन पाळले आणि मग १९,८०० येन हा आकडा सांगितला. अनेकांचे अंदाज याहून बरेच चढे होते. जपानमध्ये दोन्ही यंत्रे डिसेंबरात दहा दिवसांच्या अंतराने आली. चित्रांची गुणवत्ता, मोठा पडदा आणि यूएमडी या सोनीच्या छोट्या चकतीवरचे चित्रपट पाहून त्या काळी अनेकांनी पीएसपीला झुकते माप दिले होते. प्रत्यक्षात डीएसची १५.४० कोटी यंत्रे विकली गेली. न्यूरोशास्त्रज्ञ र्यूता कावाशिमा यांच्या मार्गदर्शनाने झालेला बुद्धिव्यायामाचा गेम आणि ‘निन्तेन्डॉग्ज’ यांनी वयस्कर व नवखे ग्राहक आणले, आणि यंत्रांची ताकद मोजणाऱ्या अंदाजांत हा वर्ग धरलेलाच नव्हता. पीएसपीला अपयशी म्हणणे मात्र चुकीचे आहे. त्याचा खप आठ कोटींच्या आसपास गेला, आणि जपानमध्ये कॅपकॉमच्या ‘मॉन्स्टर हंटर’ने मित्रांनी जवळ बसून एकत्र खेळण्याची मोठी लाट आणली.

२०११ आणि नंतर : निन्तेन्दोचे ‘३डीएस’ फेब्रुवारी २०११ मध्ये २५,००० येनला, अमेरिकेत २५० डॉलरला आले. जूनमध्ये सोनीने पीएसपीनंतरच्या आपल्या ‘व्हिटा’ या यंत्राची अमेरिकेतील किंमत तेवढीच जाहीर केली. ऑगस्टमध्ये निन्तेन्दोने ३डीएस १५,००० येन व १७० डॉलरवर उतरवले, आधीच्या ग्राहकांना वीस जुने गेम मोफत दिले आणि इवाता यांनी स्वतःचे वेतन निम्मे केले. ही कपात व्हिटाच्या किमतीला उत्तर होती असे सरसकट म्हटले जाते. तिचे मूळ कारण मंदावलेली विक्री होते. व्हिटाने फार तर निकड वाढवली. सोनीला खरा धक्का बसला तो सप्टेंबरमध्ये : मॉन्स्टर हंटरचा पुढचा मुख्य गेम ३डीएसवर येणार हे व्हिटा दुकानात येण्यापूर्वीच जाहीर झाले. व्हिटात सोनीखेरीज दुसरे कोणतेही मेमरी कार्ड न चालणे आणि त्या कार्डांची महागाई यांचीही त्यात भर पडली. सोनीने पुढे व्हिटाचे आकडे स्वतंत्रपणे देणे थांबवले. त्यामुळे त्याच्या खपाचे सगळे आकडे अनुमानाचे आहेत.

२००८ मध्ये ॲपलचे अॅप स्टोअर सुरू झाल्यापासून स्वस्त किंवा मोफत गेम फोनवर मिळू लागले आणि हातातले स्वतंत्र यंत्र संपणार असे भाकीत वारंवार झाले. ३डीएसचा ७.५९ कोटींचा आणि २०१७ मध्ये आलेल्या ‘स्विच’चा १५ कोटींहून अधिक खप पाहता ते भाकीत टिकले नाही. स्विच टीव्हीला जोडता येते, हातातही खेळता येते. दोन वेगळ्या मालिकांसाठी गेम बनवण्याचा भार निन्तेन्दोने त्यातून उतरवला. संगणकावरील गेम विकणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे ‘स्टीम डेक’ (२०२२) हा वेगळाच मार्ग आहे : संगणकावर आधीच विकत घेतलेले गेम त्यात चालतात, म्हणून नवी गेमसूची उभी करावी लागत नाही. सोनीचे ‘प्लेस्टेशन पोर्टल’ (२०२३) सुरुवातीला केवळ घरातील कन्सोलचा खेळ दूरवरून दाखवण्यापुरते होते. जून २०२५ मध्ये स्विच २ आले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने एसूससोबत एक्सबॉक्सच्या नावाचे हातातले यंत्र विक्रीस आणले. त्यांचे मूल्यमापन अद्याप लवकरचे ठरेल.

भारत : वरील स्पर्धेचा भारताशी संबंध तुटक आहे. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत व जत्रांत हातातला खेळ म्हणजे बहुधा चिनी बनावटीचा ‘ब्रिक गेम’ असे. त्याच्या कवचावर ९९९९ खेळांचा दावा छापलेला असला, तरी मुळात तो टेट्रिसचाच बिनपरवाना नातेवाईक होता. सोनीने पीएसपी येथे अधिकृतपणे विकले. निन्तेन्दोची यंत्रे मात्र प्रामुख्याने परदेशातून आणलेली किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून घेतलेली असत, आणि स्विचही येथे मुख्यतः ग्रे मार्केटमधूनच, म्हणजे अनधिकृत आयातीतून, पोहोचले. नोकियाच्या फोनवरील ‘स्नेक’नंतर येथील बहुसंख्यांचे हातातले खेळयंत्र मोबाइल फोन हेच राहिले आहे.