बालकादंबरी आणि नाशिक

बालकादंबरी म्हणजे साधारण नऊ-दहा ते पंधरा-सोळा या वयाच्या वाचकांसाठी लिहिलेली, प्रकरणाप्रकरणाने पुढे सरकणारी दीर्घ गोष्ट. मराठीत बडबडगीते, बोधकथा आणि बालनाट्ये उदंड आहेत. कादंबरी त्या मानाने कमी. बोधकथेचा शेवट आधीच ठरलेला असतो. कादंबरीतल्या मुलाला मात्र चुकायला, रुसायला, लपवाछपवी करायला आणि स्वतःहून शहाणे व्हायला सवड मिळते. म्हणूनच हा प्रकार मुलांना हवाहवासा वाटतो आणि लिहायलाही अवघड जातो.

या प्रवाहातल्या सर्वांत जास्त वाचल्या गेलेल्या पुस्तकाचे लेखन नाशिकला झाले. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी लेखनाला सुरुवात केली आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे हात थांबवला. गोष्ट कोकणातली, लेखक अमळनेरच्या शाळेतले एकेकाळचे शिक्षक, आणि कागदावर उतरली ती गोदाकाठच्या या गावी, राजबंदी म्हणून काढलेल्या दिवसांत. तिला कोणी कादंबरी म्हणतात, कोणी आठवणी. प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे. पहिल्याच रात्री आजारी आईच्या वतीने वडाला प्रदक्षिणा घालायची वेळ श्यामवर येते. बायकांच्या घोळक्यात जायची त्याला लाज वाटते. ही लाज लेखकाने झाकलेली नाही. आईची शिकवण त्या लाजेनंतर येते, म्हणून ती उपदेश वाटत नाही. पुस्तकाला नुसते संस्कारांचे पुस्तक म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावे. आचार्य अत्रे यांनी काढलेल्या त्यावरील चित्रपटाला (१९५३) राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालकादंबरीसाठी असलेला पुरस्कारही साने गुरुजींच्याच नावाचा आहे.

राष्ट्रीय पातळीवर साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार सुरू केला. २४ भाषांसाठी तो दिला जातो. ५०,००० रुपये आणि ताम्रपट असे त्याचे स्वरूप आहे. मराठीत कथा, कविता यांच्याबरोबर कादंबऱ्यांनाही तो मिळाला: ल. म. कडू यांची ‘खारीच्या वाटा’ (२०१७), सलीम सरदार मुल्ला यांची ‘जंगल खजिन्याचा शोध’ (२०१९), संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ (२०२२). २०२१ चा पुरस्कार नाशिकचे पत्रकार-लेखक संजय वाघ यांच्या ‘जोकर बनला किंगमेकर’ या कादंबरीला मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नाशिकला ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. अध्यक्षपदी होते जयंत नारळीकर, ज्यांच्या विज्ञानकथांवर किती तरी शाळकरी वाचक पोसले गेले.

पुरस्काराने लेखकाचे नाव होते, पण पुस्तक मुलाच्या हाती पडणे ही निराळी खटपट आहे, आणि खरे काम तिथेच आहे. नाशिकमध्ये त्याची जुनी सोय म्हणजे १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, बोलीभाषेत ‘सावाना’. दुसरी सोय कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाची. २००९ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते आणि ठरावीक काळाने दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. मुलांसाठीही अशा पेट्या निघाल्या. वाचनालयाची पायरी चढायला कोणी मोठे माणूस सोबत लागते. पेटी सोसायटीत किंवा शाळेतच आली की मूल आपले पुस्तक आपण निवडते.

जिल्ह्यातल्या मुलांचे जग मात्र या प्रकारात अजून पुरेसे उतरलेले नाही. सुरगाणा-पेठच्या डोंगरात कोकणा बोली बोलत वाढणारी मुलगी, लासलगावच्या कांदा लिलावाला बापाबरोबर ट्रॅक्टरवर बसून आलेला मुलगा, द्राक्षाच्या हंगामात आईवडिलांच्या कामामागे शाळा बदलणारी भावंडे: यांच्यावर कादंबऱ्या लिहायला हव्यात, आणि त्या इथल्याच लेखकांनी लिहाव्यात.