टाइलची पाठ

इजिप्तमध्ये सक्कारा इथे झोसर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली दालनं आहेत, इसवी सनापूर्वी सुमारे २६५० ची. त्यांच्या भिंतींवर फायॉन्सच्या, म्हणजे चकचकीत भाजलेल्या सिरॅमिकसारख्या पदार्थाच्या, हजारो छोट्या निळ्या-हिरव्या टाइल बसवल्या होत्या. त्यातली एखादी उलटी केली की पाठीवर उंचवटा दिसतो आणि त्याला आरपार भोक. त्यात दोरी ओवून टाइल मालात, म्हणजे टाइल धरून ठेवणाऱ्या गिलाव्यासारख्या लगद्यात, बसवत. नुसत्या मालाच्या भरवशावर टाइल सोडायला ते कारागीर तयार नव्हते, आणि त्यांचा संशय रास्त होता. आजही टाइल निसटते ती पाठीकडूनच.

पुढे हजारो वर्षं मातीच्या सच्छिद्रपणावर काम निभावलं. भाजलेली साधी टाइल पाणी पिते. चुन्याचा माल तिच्या छिद्रांत शिरून तिथेच कडक होतो. १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं, पुढे माल बदलला, पण पकड तशीच राहिली. फक्त टाइल कोरडी असेल तर ती मालातलं पाणी ओढून घेते आणि सिमेंटला कडक व्हायला पाणी उरत नाही. म्हणून आधी पिंपात भिजवायची, बुडबुडे थांबले की काढून निथळायला उभी करायची.

हाताने थापलेल्या टाइल जाडीला कमीजास्त, कोपऱ्यांत वाकलेल्या असत. ती कसर तीन-चार सेंटिमीटरच्या मालात जिरायची. १८४० मध्ये रिचर्ड प्रॉसरने जवळजवळ कोरडी माती दाबून बटणं बनवण्याचं पेटंट घेतलं आणि हर्बर्ट मिंटन या इंग्लिश टाइल-कारखानदाराने ती पद्धत टाइलसाठी उचलली. ओली माती वाळताना आक्रसते, वाकते. भुकटीचं तसं फारसं होत नाही. बटणांच्या पेटंटमुळे जमिनी सपाट झाल्या, हा या इतिहासातला मला सगळ्यात आवडणारा भाग.

टाइल एकसारखी आली, मग खाली एवढा जाड थर कशाला? पण पातळ थरातलं पाणी टाइल आणि भिंत दोघी मिळून पिऊन टाकत. १९५० च्या दशकात अमेरिकेत सिमेंटमध्ये मिथाइल सेल्युलोज मिसळून ही अडचण सुटली. हा पदार्थ पाणी धरून ठेवतो, त्यामुळे टाइल भिजवायची गरजच उरली नाही. १९५६ मध्ये हेन्री रॉथबर्ग या रसायन अभियंत्याने मालात लॅटेक्स, म्हणजे रबरासारखा चिकट द्रव, घातलं आणि पातळ थराला चिकटपणा व थोडी लवचीकता आली. आजच्या टाइल ॲडहेसिव्हचं मूळ इथे आहे.

मग भट्ट्यांनी टाइलच बदलली. भिंतीची साधी टाइल वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी शोषते, व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत काचेसारखी घट्ट झालेली, ०.५ टक्के किंवा त्याहूनही कमी. दोन्हींच्या पाठीवर थेंब टाकून बघा: एकीवर लगेच ओला डाग, दुसरीवर थेंब तसाच उभा. या दुसरीला साधं सिमेंट धरणार कुठे? तरी हाताची सवय सुटत नाही. व्हिट्रिफाइड टाइल बादलीत भिजवतात, मधोमध आणि चार कोपऱ्यांत मालाचे गोळे ठेवून ती दाबतात. गोळ्यांच्या मध्ये हवाच राहते. वरून टिचकी मारली की बोदा आवाज येतो.

युरोपच्या ईएन १२००४ मानकात सी१ म्हणजे साध्या ॲडहेसिव्हची पकड किमान ०.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर लागते, सी२ म्हणजे सुधारित ॲडहेसिव्हची १. अमेरिकी मानक टाइलच्या पाठीला कोरड्या जागी ८० टक्के आणि ओल्या जागी ९५ टक्के माल लागला पाहिजे असं म्हणतं. म्हणून खाचेदार थापीने सगळ्या रेघा एकाच दिशेला ओढायच्या. गोलगोल ओढल्या की हवा कोंडते. पाठीवर भट्टीतून येणारी पांढरी पूड ओल्या फडक्याने पुसायची, ती राहिली तर ॲडहेसिव्ह त्या पुडीलाच चिकटतं.

सांध्याचा प्रवास मात्र उलटा झाला. पूर्वी टाइलच्या कडा वेड्यावाकड्या, म्हणून सांधे रुंद. आता कडा यंत्रावर घासून काटकोनात येतात आणि घरमालकाला सांधाच नको असतो. पण उन्हाने, ओलाव्याने टाइल किंचित वाढते, खालचं काँक्रीट आक्रसतं. दोन टाइलमध्ये दीड-दोन मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे सांध्याचं अंतर राखणारा छोटा तुकडा, लागतो आणि चारही भिंतींलगत फट. ती फट स्कर्टिंगखाली झाकली जाते, दिसतही नाही. काम उरकताना कुणी तीच मालाने बुजवली तर पुढे एखाद्या दिवशी मोठा आवाज होतो आणि खोलीच्या मधली रांग तंबूसारखी उचलली जाते. उलटून पाहिलं तर टाइलची पाठ बऱ्याचदा कोरी करकरीत असते.