घाम वाळवणारा इनर की भिजवून घालायचं कूलिंग व्हेस्ट?

एप्रिल लागला की दुचाकीच्या रायडिंग गिअरच्या दुकानांत एकच शब्द सगळ्याला चिकटवलेला दिसतो: कूलिंग. कूलिंग इनर, कूलिंग स्लीव्ह, कूलिंग व्हेस्ट, कूलिंग बलाक्लाव्हा. फोटोंतही सगळं एकसारखंच, काळं आणि अंगाबरोबर बसणारं. यातल्या दोन वस्तू एकमेकींच्या नावावर सर्रास खपतात, आणि नेमक्या त्याच दोन उलट्या तऱ्हेनं काम करतात. एक म्हणजे घाम शोषून पसरवणारा पातळ बेस लेअर, ज्याला आपण नुसतं ‘इनर’ म्हणतो. दुसरं म्हणजे पाण्यात बुडवून, पिळून, ओलंच अंगात चढवायचं व्हेस्ट. इनरची हुशारी लवकर सुकण्यात आहे, व्हेस्टची उशिरा सुकण्यात. नागपूरच्या मे महिन्यात ज्यानं जीव वाचेल, त्यानंच चिपळूणला पाठीवर घामोळं उठेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. दोन्हींतलं कापड स्वतः काहीच गार करत नाही. गार करतं ते पाण्याचं बाष्पीभवन. एक लिटर पाणी त्वचेवरून उडून जाताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता सोबत नेतं. गाडी चालवताना शरीर साधारण दोनशे ते अडीचशे वॅट उष्णता तयार करतं. ती फक्त घामावाटे बाहेर टाकायची म्हटलं तर तासाला ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी उडायला हवं. उन्हाची, इंजिनाची आणि डांबरावरून वर येणारी धग यात धरलेलीच नाही. आणि पाणी उडायला हवं हे महत्त्वाचं. नुसतं गळून बुटात साचलेल्या घामाचा काडीचा उपयोग नाही. शरीरातलं पाणी तेवढं गेलं आणि गारवा मिळालाच नाही, असा तो दुहेरी तोटा.

इनर हे उडणं सोपं करतो. पॉलिएस्टरचा तंतू पाणी जवळजवळ पीतच नाही. नेहमीच्या दमट हवेत तो स्वतःच्या वजनाच्या ०.४ टक्के ओलावा धरतो, तर कापूस साडेआठ टक्क्यांच्या आसपास. तंतूच्या आत शिरता येत नाही म्हणून घाम तंतूंच्या फटींतून केशाकर्षणानं सरकत जातो आणि मोठ्या जागेवर पातळ पसरतो. ड्यूपाँनं १९८६ मध्ये कूलमॅक्स आणलं तेव्हा युक्ती हीच होती, गोल तंतूऐवजी पन्हळी असलेला तंतू. आज साध्या क्रिकेटच्या टी-शर्टातही त्याच जातीचं कापड मिळतं. मात्र हा घाम पसरायचा तर कापड त्वचेला टेकलेलं हवं. काखेत, पाठीच्या खोलगट भागात, कोपराच्या आत जिथं इनर सैल पडतो तिथं तो कामच करत नाही. म्हणून माप घेताना एक साइज मोठा घेऊ नये. लहानही नको, कारण काखेतली शिवण दोनशे किलोमीटरनंतर काचायला लागते. फ्लॅटलॉक, म्हणजे सपाट शिवण आहे का, हे कापड उलटं करून बघावं.

लेदरखाली इनरचं आणखी एक काम असतं, आणि माझ्या मते तेच पहिलं. घामेजलेली कातडी आणि जॅकेटचं अस्तर एकमेकांना चिकटतात. हँडलवर हात पुढे न्यायचा तर अख्खं जॅकेट ओढलं जातं, आणि वन-पीस सूट असेल तर पेट्रोल पंपावर तो खांद्यावरून उतरवताना तारांबळ उडते. गुळगुळीत इनर असला की लेदर त्यावरून सरकतं. शिवाय घामातलं मीठ लेदरपर्यंत कमी पोचतं. इनर रोज धुता येतो, लेदर नाही.

व्हेस्टची गोष्ट वेगळी. त्याच्या दोन थरांमध्ये पाणी धरणारा भराव असतो. दोन-पाच मिनिटं बुडवलं की तो अर्धा-पाऊण लिटर पाणी पितो. मग पिळायचं, वरचं पाणी पुसायचं आणि घालायचं. काही व्हेस्टांचं आतलं अस्तर पाणी रोखणारं असतं, म्हणजे अंगाला ओलं लागत नाही. दुसरा एक प्रकार भिजल्यावर लुसलुशीत आणि सुकल्यावर पुठ्ठ्यासारखा कडक होतो. खरा फरक असा की इनर तुमचं पाणी वापरतो आणि व्हेस्ट नळाचं. चार तास उन्हात चालवायचं असेल तर हा हिशोब मोठा होतो, कारण घाम शेवटी रक्तातूनच निघतो.

मग सगळ्यांनी व्हेस्टच का घालू नये? हवेमुळे. विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर नागपुरात खोलीचं थंड हवेचं ठिकाण करतो, आणि तोच मुंबईत नेला तर खोलीभर दमट वास पसरवतो. व्हेस्ट म्हणजे अंगात घातलेला कूलरच. आकड्यांत बघा. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या कापडाचं तापमान २३ अंशांपर्यंत खाली येऊ शकतं. मुंबईच्या ३३ अंश आणि ७० टक्क्यांत ते २८ च्या खाली जात नाही. पारा अकरा अंशांनी कमी, तरी ओलं कापड पाच अंशांनी गरम! कोकणात २८ अंशांचं ओलं फडकं त्वचेपेक्षा गार असतं हे खरं, पण ते सुकतच नाही, त्यामुळे पुढचा घाम उडायला जागा राहत नाही. वर लेदर चढवलं की वाफारा घेतल्यासारखं होतं. महाड ते सावंतवाडी या पट्ट्यात मे महिन्यात व्हेस्ट पॅनियरमध्येच, म्हणजे गाडीच्या बाजूच्या पेटीतच राहू द्या. तिथं पातळ इनर, जॅकेटचे उघडे व्हेंट, म्हणजे हवेचे झरोके, आणि सकाळी साडेपाचला निघणं, एवढंच उपयोगी.

आता कोरड्या हवेतला एक चकवा. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गरम झाली की वारा गारवा आणत नाही, उष्णता आणतो. तो फक्त ओलावा उडवण्याच्या कामाचा उरतो. चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४४-४५ वर असताना ताशी ८० च्या वेगानं मेश, म्हणजे जाळीदार कापडाचं जॅकेट घालून निघालं की घाम येतो तसा उडून जातो. रायडर खुशीत सांगतो, ‘घामच आला नाही.’ आलेला असतो, आणि भरपूर. दिसण्याआधीच गेलेला असतो. एकदा त्वचा कोरडी पडली की पुढचा वारा म्हणजे भट्टीचं तोंड. अशा दिवशी समोरचे व्हेंट अर्धे बंद करून आत ओलं व्हेस्ट घालणं शहाणपणाचं. पाणी हळूहळू उडतं आणि जास्त वेळ पुरतं. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे पुण्याहून विदर्भात जाणारा संभाजीनगर, जालना, मेहकर, कारंजा असा जुन्या रस्त्यानंच जातो. एरवी कंटाळवाणं वाटतं, पण व्हेस्टवाल्याला सोयीचं, कारण दर थोड्या अंतरावर धाबा आहे आणि धाब्यामागं नळ किंवा बोअर. बोअरचं पाणी जड असेल तर व्हेस्टावर पांढरे क्षार चढतात. घरी आल्यावर ते गोड्या पाण्यात भिजवून ठेवावं.

लेदर की मेश, या प्रश्नानं निवड आणखी बदलते. व्हेस्टाला दोन वाटा लागतात, हवा आत यायला एक आणि ओली हवा बाहेर पडायला दुसरी. छातीवर बारीक भोकं पाडलेलं, म्हणजे परफोरेटेड लेदर असेल तर पहिली वाट असते. दुसरी बहुतेकदा पाठीत असते, आणि तिथं आपण जाडसर बॅक प्रोटेक्टर बसवतो, वर सॅक लटकवतो. झालं, वाट बंद. बिनभोकाच्या लेदरखाली व्हेस्ट घालूच नये. आतली हवा मिनिटांत ओलाव्यानं भरते आणि मग नागपूर असो की नवी मुंबई, आत एकच हवामान. मोठी विंडस्क्रीन असलेल्या टूरिंग गाडीवरही हीच अडचण येते, छातीला वारा लागतच नाही.

बंद लेदरखाली इनर तरी किती गार ठेवतो? फारसा नाही. घाम पसरतो, पण उडायला कोरडी हवा नसेल तर पसरून करतो काय? मान आणि मनगट या दोन फटींतून जेवढी हवा खेळेल तेवढाच फायदा, म्हणून बाहीची चेन थोडी सैल ठेवायची. बाकी न चिकटण्याचं सुख. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची, म्हणजे जागतिक मोटरसायकल स्पर्धेची शर्यत झाली तेव्हा उष्म्यामुळे ती २४ वरून २१ फेऱ्यांवर आणली होती. तरीही दुसरा आलेला होर्हे मार्टिन गाडीवरून उतरल्यावर कोसळला. त्या लोकांकडे उत्तमातले परफोरेटेड सूट असतात आणि आत अंडरसूट. दमट उकाड्यात कापडाची मजल किती, हे त्यावरून समजावं.

दमट हवेत खरोखर गार राहायचं तर तिसराच प्रकार लागतो. खिशांत गोठवलेली पाकिटं घातलेलं व्हेस्ट. ते वितळताना उष्णता घेतं, हवा कोरडी असो वा नसो. पण तास-दोन तासांत पाकिटं संपतात आणि रस्त्यात फ्रीझर कुठून आणणार. ट्रॅकवर ठीक, गणपतीपुळ्याच्या वाटेवर नाही.

सुती बनियनला या चर्चेत नेहमी शिव्या पडतात. इनर म्हणून त्या योग्यच आहेत. कापूस पाणी पितो, जड होतो, अंगाला लपेटतो, काचतो आणि संध्याकाळपर्यंत सुकत नाही. पण हेच सगळे गुण व्हेस्टाचे आहेत! अकोल्याच्या उन्हात हवा खेळत्या मेश जॅकेटखाली भिजवलेला सुती टी-शर्ट म्हणजे फुकटचं कूलिंग व्हेस्ट. पाऊण-एक तास पुरतं, मग पुन्हा नळाखाली. महागडं व्हेस्ट घेण्यापूर्वी हे एकदा करून बघा. तुमच्या जॅकेटमधून हवा पुरेशी फिरते का, तेही त्यातच कळेल. ज्याला भिजवलेल्या टी-शर्टानं काहीच फरक जाणवला नाही, त्याला व्हेस्टानंही जाणवणार नाही.

दुकानात ओळखायचं कसं? लेबल वाचा. उन्हाळी इनर पॉलिएस्टर किंवा नायलॉन आणि थोडं इलॅस्टेन असा असतो, वजन साधारण १२० ते १६० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम. आतून मऊ लव असेल आणि वजन २०० च्या वर असेल तर तो थर्मल आहे, लडाखसाठी. विक्रेता ‘सगळ्या सीझनला चालतं’ म्हणाला तरी ठेवून द्यावा. आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब सोडून बघा. चांगल्या इनरवर तो काही सेकंदांत मोठा डाग होऊन पसरतो, भुरट्यावर मण्यासारखा बसून राहतो. व्हेस्ट हाताला जाड, रजईसारखं टाके घातलेलं लागतं. ‘भिजवा’ असं कुठंच न लिहिलेलं ‘कूलिंग व्हेस्ट’ म्हणजे बहुधा बिनबाह्यांचा इनर.

मेरिनो लोकरीचा १५० जीएसएमचा इनर हा महागातला पर्याय. उन्हाळ्यात लोकर ऐकूनच घाम फुटतो, पण वास कमी येतो, आणि ती वितळत नाही. पॉलिएस्टर २६० अंशांच्या आसपास वितळतं, नायलॉन ६ सुमारे २२० ला, पॉलिप्रोपिलीन तर १६५ लाच. इराकमध्ये अमेरिकी मरीन सैनिकांना तळाबाहेर असे कृत्रिम धाग्यांचे कपडे घालायला २००६ मध्ये मनाई झाली, ती आगीत ते वितळून कातडीला चिकटतात म्हणून. आपल्याकडे प्रश्न घसरण्याचा. वर धड लेदर असेल तर इनर रस्त्याला लागत नाही, काळजीचं कारण कमी. स्वस्त मेश जॅकेट घासून फाटू शकतं, तिथं मात्र पॉलिप्रोपिलीन टाळावं.

एकाच दिवसात दोन्ही हवामानं लागणार असतील, समजा रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूर आणि पुढं सोलापूर, तर इनर अंगात ठेवून निघा आणि व्हेस्ट कोरडं बॅगेत. ते घाट चढून गेल्यावर, हवा कोरडी लागायला लागली की भिजवायचं, इनरच्या वरून घालायचं. चालतं, फक्त जॅकेटमध्ये तेवढी जागा हवी. मुक्कामावर इनर हातानं साध्या पावडरीत धुवा, रात्रभरात सुकतो. फॅब्रिक कंडिशनर घालू नका. त्याचा थर तंतूंवर बसला की थेंब पुन्हा मण्यासारखा उभा राहायला लागतो. व्हेस्ट ओलं असताना पॅनियरमध्ये कोंबून झोपलात, तर सकाळी त्याच्या वासानंच जाग येईल.